अर्डिसची गाडी, मर्लचा ट्रेलर

अर्डिसनं ती भलीमोठी एसयूव्ही आणून अंगणात उभी केली, तेव्हा मर्लनं तिच्याभोवती दोन फेऱ्या मारल्या, बॉनेटवर थाप मारली, मागचं दार उघडून आत डोकं घातलं आणि म्हणाला, "झकास. चर्चचा पियानो आत चढवू. पाद्रीबुवांना म्हणावं, दर रविवारी इकडंच या."

"पियानोची जागा तुझ्या पोटासाठी ठेवलीये," अर्डिस म्हणाली. "बस, चक्कर मारून येऊ."

मर्ल सवयीनं डावीकडच्या, चालवणाऱ्याच्या दाराशी गेला. हात कडीवर पडला आणि तिथंच थांबला. मग तो पुढून वळसा घालून पलीकडच्या दाराशी गेला, आत बसला आणि पट्टा लावताना त्या बिचाऱ्या पट्ट्यालाच शिव्या घालायला लागला. अर्डिसनं ते पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं. इतकी वर्षं संसार केल्यावर माणसाला एवढं तरी जमायलाच हवं.

मर्लच्या डोळ्यांचं झालं होतं ते असं. समोर बघितलं की मधोमध धुरकट डाग. समोरच्याचं तोंड बघायला जावं तर कान दिसायचे आणि तोंड गायब. कडेकडेनं मात्र अजून दिसत होतं, म्हणून हल्ली तो कोंबडीसारखी मान वाकडी करून बघायचा. बर्फ वितळायच्या सुमारास शहरातल्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, गाडी चालवणं आजपासून बंद. आणि अर्डिसला बाजूला घेऊन आणखी एक सांगितलं होतं: या कडाही किती टिकतील याचा भरवसा नाही, तेव्हा यांना काही दाखवायचं राहिलं असेल तर या उन्हाळ्यात दाखवून घ्या.

अर्डिसला दाखवायचं होतं ते एकच, टिमन्सचं तळं. बिगहॉर्नच्या डोंगराची खिंड ओलांडून पलीकडं उतरलं की लागतं ते. मुलं लहान होती तेव्हापासून दर उन्हाळ्यात दोघं आपला ट्रेलर, म्हणजे गाडीमागं ओढायचं चाकांवरचं छोटं घर, घेऊन तिथं जायची. मुलं मोठी झाली, पार कुठं कुठं पांगली, तरी यांचं जाणं चुकलं नाही. मर्ल गावात वेगळा आणि तळ्यावर वेगळा. गावात शब्द विकत घेतल्यासारखा बोलायचा. तळ्यावर पहाटे उठून कॉफी करायचा, बायकोला पांघरुणात नेऊन द्यायचा आणि चक्क शीळ घालायचा. त्या माणसाला त्या पाण्यासमोर एकदा बसवायचं, अजून थोडं तरी दिसतंय तोवर, एवढंच अर्डिसच्या मनात होतं. बाकी कुठल्या गोष्टीसाठी तिनं ही रणगाड्याएवढी गाडी घेतली नसती. मर्लचा जुना पिकअप तिला झेपत नव्हता. त्याचा क्लच असा कडक की पूर्ण दाबायचा तर तिला अर्धं उभं राहावं लागायचं. तो पुतण्याला देऊन टाकला.

अडचण एकच होती. अर्डिसनं जन्मात ट्रेलर ओढला नव्हता. आमच्याकडे बहुतेक घरांत असंच असतं. नवऱ्यानं ओढायचा, आणि जागेवर लावताना बायकोनं मागं उभं राहून हातवारे करायचे. मग त्यानं तिला म्हणायचं, "तू मला दिसशील अशी उभी राहा की!" आणि तिनं म्हणायचं, "झाड दिसलं नाही, मी काय दिसणार!" तळ्यावर संध्याकाळची करमणूक म्हणजे खुर्च्या टाकून हेच बघत बसणं. नवं जोडपं आलं की आजूबाजूचे लोक पॉपकॉर्न घेऊन बाहेर येतात, खोटं नाही सांगत.

"या वर्षी मी ओढणार," अर्डिसनं जाहीर केलं.

"आणि मागं कोण उभं राहणार?"

"तू."

"मला दिसत नाही, बाई."

"मला तरी कुठं दिसायचं? धूर दिसायचा आणि तुझ्या शिव्या ऐकू यायच्या. केलंच ना?"

तो गोठ्यामागच्या शेडमध्ये गेला आणि हत्यारांची पेटी घेऊन आला.

गाडी मोठी आहे म्हणून ट्रेलर ओढेल, असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा मर्लचं व्याख्यान ऐकावं. गाडीच्या मागं लोखंडी गोळा बसवायचा, त्यावर ट्रेलरच्या दांडीची वाटी बसते. गोळा योग्य मापाचा हवा आणि योग्य उंचीवर हवा, नाहीतर ट्रेलर एकतर नाक वर करून चालतो नाहीतर नाक घासत. मग भार वाटून देणाऱ्या सळया, म्हणजे सगळं ओझं गाडीच्या ढुंगणावर न पडता पुढच्या चाकांनाही आपला वाटा मिळतो. मग गिअरबॉक्सचं तेल थंड ठेवणारी जाळी. मग लांब हातांचे आरसे, टायरमधली हवा, दिव्यांचा प्लग, साखळ्या. हे सगळं त्यानं अंगठ्यानं तपासलं. गाडीखाली फळीवर उताणा पडून, टॉर्च छातीवर ठेवून. टॉर्चचा त्याला काडीचा उपयोग नव्हता, पण टॉर्चशिवाय गाडीखाली जाणं त्याला कपड्यांशिवाय चर्चात गेल्यासारखं वाटायचं.

"बोट दे," तो खालून म्हणायचा.

अर्डिस बोट द्यायची. तो ते वाटीच्या आतल्या कडेवर ठेवायचा. "इथं. लागलं? हा खटका गोळ्याखाली गेला पाहिजे. वरून बसल्यासारखा दिसतो, पण दिसण्यावर जायचं नाही. बोट घालून बघायचं. आणि मग जॅक लावून दांडी उचलायची. गाडीचं बूड बरोबर उचललं गेलं तर बसला. नाहीतर पुढच्या चढावर ट्रेलर तुला टाटा करून माघारी जाईल."

"तुझ्यासारखा नाही म्हण. तू कधी सोडून गेला नाहीस."

"माझा खटका बसलाय," मर्ल म्हणाला, आणि त्याच्या त्या तेलकट तोंडावर हसू आलं. कितीतरी आठवड्यांत अर्डिसला ते दिसलं नव्हतं. ती पटकन उठून लिंबाचं सरबत आणायला गेली, कारण तिचे डोळे भरून आले होते आणि त्याला कडेनं नेमकं नको ते दिसायचं.

शेवटी त्यानं ट्रेलरच्या ब्रेकची डबी बसवली. ट्रेलरला स्वतःचे ब्रेक असतात. गाडीचा ब्रेक दाबला की ही डबी ते आपोआप लावते, आणि डबीवरची पट्टी नुसत्या बोटांनी दाबली तर गाडी सोडून एकट्या ट्रेलरचे ब्रेक लागतात. त्यानं ती स्टिअरिंगच्या डाव्या बाजूला, अर्डिसच्या गुडघ्याशी स्क्रूनं आवळली आणि उरलेल्या वायरीचं वेटोळं आत कोंबलं. वायर तो नेहमी जास्तच सोडायचा.

"हिला उगाच हात लावू नकोस," एवढंच म्हणाला.

मग जत्रेच्या मोकळ्या मैदानावर शिकवणी सुरू झाली. मर्ल मागं उभा राहून हातवारे करायचा, आणि अर्डिसला साक्षात्कार झाला की या माणसाला हातवारे अजिबात येत नाहीत. 'ये' म्हणायचा तेव्हा ट्रॅफिक पोलिसासारखा हात, 'थांब' म्हणायचा तेव्हाही तोच.

"तू माशा हाकलतोयस की मला बोलावतोयस?" ती खिडकीतून ओरडली.

"हात स्टिअरिंगच्या खालच्या बाजूला धर! ट्रेलर जिकडं हवा तिकडं हात ने! किती वेळा सांगू?"

"एकदा हळू आवाजात सांगून बघ!"

खुणेला ठेवलेली दोन पिंपं आडवी झाली, एक कुंपणाचा खांब थोडा कलला. पण आठवडा सरता सरता ट्रेलर दोन पिंपांच्या मधे असा अलगद गेला की मर्लनं चालत जाऊन दोन्ही बाजूंची जागा हातानं मोजली. "बरं आहे," तो म्हणाला. त्याच्या तोंडून हे म्हणजे सुवर्णपदकच. अर्डिस घरी येईपर्यंत एकटीच हसत होती.

मात्र त्या दिवसानंतर मर्ल गप्प झाला. अर्डिसनं ट्रेलरमध्ये बिडाचा तवा, घोंगड्या, घेवड्याचे डबे, त्याच्या गळाच्या काठ्या भरल्या. तो व्हरांड्यात बसून होता. काय झालं विचारलं तर म्हणाला, काही नाही. जेवताना विचारलं तर म्हणाला, बटाटे छान झालेत. बटाटे नव्हतेच ताटात, कोबी होता. आता यावर माणसानं काय बोलावं!

निघायच्या आदल्या दिवशी वजन करायचं ठरलं होतं. आमच्याकडे लांबच्या प्रवासाआधी भरलेला ट्रेलर गावाबाहेरच्या धान्यकोठीच्या काट्यावर नेतात. गव्हाचे ट्रक नसले की कोठीवरचा ड्वेन फुकट करून देतो. न्याहारी झाल्यावर अर्डिसनं ट्रेलर जोडला, बोट घालून खटका बघितला, जॅकनं उचलून बघितलं, आणि दोघं निघाली.

गावातून जाईपर्यंत सगळं ठीक होतं. हमरस्त्याला लागून तिनं वेग जरा वाढवला आणि मागून कुणीतरी गाडीला शेपटीला धरून हलवल्यासारखं झालं. डावीकडं, उजवीकडं, पुन्हा डावीकडं. आरशात ट्रेलरचं मागचं टोक एकदा या कडेला, एकदा त्या कडेला. तिचा पाय ब्रेककडं गेला.

"ब्रेक नको!" मर्ल ओरडला. "पाय काढ! दोन्ही पाय काढ! सरळ धर, वळवू नकोस!"

तिनं पाय काढले. गाडी हळूहळू मंदावली, आणि ते डोलणं कमी होत होत थांबलं. उरलेलं अंतर तिनं बैलगाडीच्या चालीनं कापलं. मर्लनं दाराची मूठ अशी धरली होती की बोटांची पेरं पांढरी पडली होती.

काट्यावर ड्वेननं आधी गाडी तोलली, मग ट्रेलर, मग पुढची दांडी वेगळी. आकडे बघून त्यानं टोपी मागं सरकवली. "अर्डिस, हे काही खरं नाही. एकूण वजन या गाडीच्या ताकदीबाहेर चाललंय. आणि दांडीवर भारच नाही. ट्रेलर पार उलार झालाय, सगळं ओझं मागं. असा डोंगरावर नेलास तर पहिल्या उतारालाच तुला घेऊन दरीत बसेल. काय भरलंयस एवढं?"

"घोंगड्या आणि घेवडा," अर्डिस म्हणाली. तिला रडू यायचं बाकी होतं.

"झालं तर मग," मर्ल म्हणाला. "काट्यापुढं कुणाचं चालतंय! या वर्षी राहू दे. पुढच्या वर्षी बघू."

असं म्हणाला आणि तो वळून गाडीकडं निघालाही. अर्डिस त्याच्या पाठीकडं बघत राहिली. हा तोच मर्ल, ज्यानं आयुष्यात एकही काटा बरोबर आहे असं मान्य केलं नव्हतं. गव्हाच्या प्रत्येक खेपेला ड्वेनच्या बापाशी वाद घातला होता. आणि आज काट्यानं एक आकडा सांगितला आणि हा शहाण्या मुलासारखा घरी निघाला? पुढच्या वर्षी म्हणे! पुढच्या वर्षी याला काय दिसणार होतं?

ती ट्रेलरला फेरी मारून मागं गेली. मागच्या चाकांच्याही मागं, खालच्या नळीतून पाणी ठिबकत होतं. काट्याच्या लोखंडावर छोटंसं डबकं झालं होतं.

पाणी.

ट्रेलरच्या मागच्या भागात पिण्याच्या पाण्याची टाकी असते. दांडगी असते, भरली तर दोन-तीन धट्टीकट्टी माणसं आत झोपवल्यासारखं वजन होतं. पण मर्लनं ती घरून कधी, एकदाही भरून नेली नव्हती. वर पोचल्यावर नळ आहे, तळं आहे, डोंगरावर पाणी वाहून न्यायला आपण काय वेडे आहोत, असं तो दर वर्षी म्हणायचा. एका साली एक नवशिका भरलेली टाकी घेऊन तळ्यावर आला होता, तर मर्लनं त्याला आठवडाभर पाणक्या म्हणून हाक मारली होती. अर्डिसनं टाकी भरली नव्हती. म्हणजे भरणारा घरात एकच उरत होता.

"सापडलं का काही?" ड्वेननं विचारलं.

अर्डिसनं डबक्यावर बूट ठेवला. "बघते घरी जाऊन," ती म्हणाली. "उतरवते काहीतरी. आलेच परत."

कोठीपासून थोडं पुढं, गवताच्या कुरणाच्या कडेला तिनं गाडी थांबवली, खाली उतरली, ट्रेलरच्या मागं गेली आणि टाकीची तोटी उघडली. पाणी धो धो करून चरात पडायला लागलं. मर्ल आतच बसून होता. खिडकी उघडी होती. तो आवाज न ऐकू येणं शक्यच नव्हतं.

तिनं त्याच्या बाजूचं दार उघडलं. "उतर."

तो उतरला. दोघं ट्रेलरच्या सावलीत उभी राहिली. कुरणात कापलेल्या गवताचा वास सुटला होता आणि पाणी थांबायचं नाव घेत नव्हतं.

"कधी भरलीस?"

"काल. तू चर्चमध्ये पाय पोचवायला गेलीस तेव्हा." पाय म्हणजे रुबार्बच्या आंबट देठांचं सारण भरून बेक केलेला गोड पदार्थ म्हणायचा होता त्याला. "वाटलं, काटा जड दाखवेल. तू आपण होऊन म्हणशील, नको जायला."

"मला यायचं नाही असं तोंडानं सांगता येत नव्हतं?"

"तुझा उत्साह बघून सांगवत नव्हतं."

अर्डिसचा संताप उसळून वर आला. "अरे मेल्या, मघाशी ट्रेलर रस्त्यावर नाचत होता, तेव्हा मी मरता मरता वाचले! तूही वाचलास! त्या पाण्यानं तो उलार झाला! सगळ्या गावाला शिकवतोस, वजन मागं टाकू नका, मागं टाकू नका, आणि स्वतः?"

"माहितीये," मर्ल म्हणाला. त्याचा आवाज इतका बारीक झाला होता की ती थबकली. "वजनाचा विचार केला. ते वजन कुठं पडणार, हा विचार मी केलाच नाही. मी! टाकी मागं आहे हे मला माहीत नाही? घरापासून कोठीपर्यंत तर जायचं, एवढंच डोक्यात. रस्त्यावर डोलायला लागला तेव्हा कळलं. तेव्हा वाटलं, आता हिला मी मारलं."

तो चाकावर टेकून खाली गवतात बसला. अर्डिस उभीच राहिली थोडा वेळ. मग तीही बसली. त्याच्यावर चिडायचं अजून बरंच शिल्लक होतं, पण असा खाली बसलेल्या माणसावर तिला कधीच नीट चिडता आलं नव्हतं.

"का यायचं नव्हतं तुला?" तिनं विचारलं. "खरं सांग. मला नीट चालवता येत नाही म्हणून?"

"तू छान चालवतेस. तेच तर. त्या मैदानावर तू दोन पिंपांमधून घातलास, तेव्हा मला इतकं बरं वाटलं, आणि लगेच वाटलं, म्हणजे आता खरंच जायचं. तो उतार, अर्डिस. तुला माहीत नाही तो उतार. दर वर्षी तू खिडकीतून बाहेर बघायचीस आणि मी घाम पुसायचो. तिथं वारा आडवा येतो, ट्रक अंगावरून जातात. तिथं काय करायचं ते मला झोपेतही ठाऊक आहे. आणि मी बाजूला मांडीवर हात ठेवून बसणार. बटाट्याच्या पोत्यासारखा. तुला काही व्हायला लागलं तर मी नुसता बसून असणार." त्यानं बाहीनं नाक पुसलं. "तळं नाही बघितलं तरी चालेल मला. ते नाही चालायचं."

अर्डिसनं त्याचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. तेलाचा वास त्या हाताला जन्माचा होता. तिला आता समजलं की हा माणूस आठवडाभर कशानं गप्प होता, आणि मायेनं तिनं तो हात आणखी घट्ट धरला.

"मघाशी," ती म्हणाली, "तू ओरडलास, ब्रेक नको म्हणून. मी ब्रेकला पाय लावला पण नव्हता अजून."

"हो."

"ट्रेलर डोलतोय हे मला आरशात दिसलं. तुला कसं कळलं? तुला तर आरसाही दिसत नाही."

"आरशात दिसतो तेव्हा उशीर झालेला असतो. आधी बुडाला कळतं. सीट अशी हलकेच सरकल्यासारखी होते. तुला दिसायच्या आधी मला कळलं होतं."

"आणि त्या वेळी करायचं काय असतं? पाय काढणं सोडून?"

"ट्रेलरचा ब्रेक. ती डबीवरची पट्टी. गाडीला हात लावायचा नाही, फक्त ट्रेलरला मागून हलकेच आवळायचं. की तो सरळ होतो. पण ते नेमक्या वेळी हवं, आणि नेमकं तेवढंच. तुला सांगितलं नाही, कारण स्टिअरिंग सांभाळत तुला ते एकाच वेळी..."

अर्डिस उठली. गाडीच्या पुढच्या कप्प्यातून तिनं स्क्रूड्रायव्हर काढला, चालवणाऱ्याच्या बाजूनं आत वाकली आणि गुडघ्यापाशी हात घालून डबीचे स्क्रू काढायला लागली.

"काय करतेस?" मर्लनं बाहेरून विचारलं. त्याला आवाजावरून कळलं होतं. "अगं, नीट बसवलीये ती!"

"चुकीच्या बाजूला बसवलीयेस." तिनं वेटोळं ओढून मोकळं केलं. वायर स्टिअरिंगखालून दोन सीटांच्या मधल्या कट्ट्याच्या पलीकडच्या कडेपर्यंत आरामात पोचली. "ये, बस आत. डावा हात खाली सोड. कुठं येतो? इथं? का जरा पुढं?"

मर्ल आत बसला. मग त्यानं हात सोडला आणि तिनं डबी त्याच्या बोटांखाली सरकवली.

"आंधळ्याच्या हातात ब्रेक देतं का कुणी?" तो म्हणाला.

"डोळ्यांनी दाबतोस का? बुडानं दाबतोस ना? ते तर आहे अजून, चांगलं मोठं आहे."

"थट्टा नको, अर्डिस."

"थट्टा नाही करत." तिनं स्क्रू आवळला. "गाडी माझी. ट्रेलर तुझा. मला एकटीनं नाही जमणार तो उतार, तुलाही नाही. दोघांनी मिळून तरी जमतो का बघू. नाही जमला तर खिंडीतून माघारी येऊ आणि अंगणात ट्रेलर लावून घेवडा खाऊ."

मर्लनं पट्टी दाबून बघितली. सोडली. पुन्हा दाबली. "थोडं पुढं घे," तो म्हणाला. "मनगट वाकतंय."

दोघं परत काट्यावर गेली तेव्हा रस्त्यात ट्रेलर रुळावरून चालावा तसा आला. ड्वेननं आकडे बघितले, दांडीचा भार बघितला आणि म्हणाला, "आता कसं! काय उतरवलंत?"

"माझंच होतं थोडं फालतू सामान," अर्डिस म्हणाली. मर्लनं मान वाकडी करून तिच्याकडं कडेनं बघितलं, आणि तिच्या खांद्यावर हात ठेवला. दुसऱ्या कुणासमोर असं करणारा तो माणूस नव्हता.

दुसऱ्या दिवशी दोघं खिंडीत पोचली तेव्हा ऊन चांगलं वर आलं होतं. चढाला इंजिन गुरगुरत होतं आणि अर्डिस त्याच्याशी मोठ्यानं बोलत होती, चल बाळा, चल माझ्या राजा. मर्लला म्हणे हेवा वाटला. माथा आला. मग रस्ता खाली वळला आणि दोघांचं बोलणं बंद झालं. तिनं गिअर खाली घेतला. हात असे धरले होते की खांदे दुखायला लागले.

गवताच्या गठ्ठ्यांनी भरलेला एक ट्रक मागून आला आणि घोंघावत शेजारून गेला. अर्डिसला फक्त वाऱ्याचा धक्का जाणवला. पुढं काहीतरी होणार म्हणून तिनं श्वास रोखला, आणि झालं एवढंच, की मागून कुणीतरी हलकेच पदर ओढून धरावा तशी गाडी सरळ धरली गेली आणि सोडली गेली. तिनं आरशात बघितलं. ट्रेलर तिच्यामागं सुतासारखा सरळ येत होता. तिनं मर्लकडं बघितलं नाही. बघायची सोय नव्हती. पण ती मोठ्यानं म्हणाली, "मर्ल एडवर्ड, मी तुझ्याशी पुन्हा लग्न करीन."

"रस्त्याकडं बघ," मर्ल म्हणाला. पण त्याचा आवाज तळ्यावरचा होता.

आणखी दोन वळणं गेली. आणि मग उजवीकडचा डोंगर एकदम संपला, मर्लच्या खिडकीबाहेर सगळं मोकळं झालं, आणि तो जोरात श्वास घेऊन म्हणाला, "अगं आई गं!"

"काय झालं?" ती घाबरली. "डोलतोय का?"

"नाही, नाही. तळं."

इथून तळं दिसतं. इतक्या वर्षांत त्यानं ते इथून कधी बघितलंच नव्हतं, कारण इथंच उतार सगळ्यात वाईट आहे आणि चालवणाऱ्याला मान वळवायची मुभा नाही. तो चालवायचा आणि ती बघायची. आता खिडकी त्याच्या बाजूला होती. त्यानं मान जरा रस्त्याकडं फिरवली, म्हणजे डोळ्याच्या चांगल्या कडेत ते पाणी नीट येईल.

"एवढं मोठं दिसतं इथून?" तो म्हणाला. "सगळं दिसतं की! दर वर्षी तू हे बघत होतीस?"

"दर वर्षी सांगत होते की तुला."

"तू म्हणायचीस, छान दिसतंय. एवढंच. हे असलं सांगितलंच नाहीस कधी." त्याचा आवाज फुटला. "अर्डिस, तू बघ ना एकदा."

"मला नाही बघता येत," अर्डिस म्हणाली. तिचे डोळे रस्त्यावर होते आणि भरले होते, आणि ते पुसायला हात मोकळा नव्हता. "तू सांग. नीट सांग, मी सांगायचे तसं नको."

मर्ल सांगायला लागला. पलीकडच्या काठाला अजून बर्फाची पट्टी आहे, तो म्हणाला. पाणी मधे काळं आहे आणि काठाशी हिरवं. एक होडी चाललीये, तिच्यामागं पांढरी रेघ पडलीये. डावा हात त्यानं डबीवरून काढला नाही, आणि तळं झाडांआड जाईपर्यंत तो सांगत राहिला.